रखमाजी परत का आला?

१९७० सालच्या मार्चअखेरीस एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे शालान्त परीक्षेच्या, मराठीच्या पेपरात एक प्रश्न आला : ‘रखमाजी परत का आला? सकारण लिहा.’ रखमाजी हे उपवाचनाच्या पुस्तकातलं पात्र. त्याच आठवड्यात मादन हिप्परगा या गावात मल्हारी नावाचे एक सालगडी, ज्या मालकाला सोडून आले होते त्याच्याच घरी परत कामावर गेले. त्यांची मुलगी कौसल्या त्या पेपराला बसली होती. दोन्ही घटनांची खात्री करता येते. दोघं परत का आले, याचं कारण मात्र अजून सापडलेलं नाही.

यंदाचा मार्च आला आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत मार्चची खूण म्हणजे परीक्षेच्या बातम्या : कुठल्या केंद्रावर पंखे नाहीत, कुठे कॉपी सापडली, पेपर सोपा होता की अवघड. या धंद्यात आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात की कोण, काय, कुठे, कधी हे आपण लिहायचं. ‘का’ आपण लिहायचा नाही. तो पोलिसांच्या, डॉक्टरांच्या किंवा शेजाऱ्यांच्या तोंडी घालायचा आणि पुढे ‘असे समजते’ म्हणायचं. शिस्त चांगली आहे. तिच्यामुळे चुका कमी होतात. पण मार्चमध्ये, दुपारच्या पाळीत, खिडकीतून गरम वारा येऊन टेबलावरचे कागद हलवू लागला की ती थोडी ढिली पडते आणि शाळेत पाठ केलेलं एक वाक्य आपोआप समोर येतं : रखमाजीच्या परत येण्यामागे त्याची स्वामिनिष्ठा हेच कारण आहे.

मादन हिप्परगा आळंद तालुक्यात. तिथे हे दिवस काढणीचे. तूर आधीच घरात आलेली असते, तुराट्यांचे भारे भिंतींना टेकून उभे असतात. ज्वारीची कणसं खळ्यावर आणि कडबा रानात बुचाडं रचून. सगळ्यात शेवटी करडई. तिला काटे असतात आणि ऊन चढलं की ते ताठ होतात, म्हणून करडई पहाटे, अंगावर दव असताना कापतात. कापणाऱ्या बायका हातांना फडकी गुंडाळतात. परीक्षेला बसणारी मुलं त्याच पहाटे कडुलिंबाखाली पोतं टाकून पाठांतर करत. रानातून परतणाऱ्या बायकांच्या अंगाला करडईचा उग्र, तेलकट वास असे. वर लिंबाला नुकता मोहोर आलेला असे. दोन्ही मिसळून एक तिसराच वास तयार होई. कौसल्याच्या वर्गातल्या आम्हा मुलांसाठी तो परीक्षेचा वास. अजूनही कुठे आला तर काहीतरी पाठ करायचं राहिलंय असं वाटतं, आणि काय ते आठवत नाही.

आमचं राज्य म्हैसूर, म्हणजे आताचं कर्नाटक, आणि शिकण्याची भाषा मराठी. सोलापूरच्या दुकानांत मराठीची गाईडं ढिगाने मिळत, पण ती पलीकडच्या राज्यातल्या पुस्तकांची. आमच्या पुस्तकांची गाईडं कोणी छापत नसे. एवढ्याशा मुलांसाठी कोण छापणार? त्यामुळे वर्गात सर जे लिहून देत तेच पहिलं आणि शेवटचं उत्तर. उत्तरपत्रिका कुठे जातात, कोण तपासतं, हेही आम्हाला माहीत नव्हतं. कोणी म्हणे गुलबर्ग्याला, कोणी म्हणे थेट बेंगळूरला. तिथल्या तपासणाऱ्याकडे एक छापील उत्तर असतं आणि तो आपलं उत्तर त्याच्याशी ओळीने ओळ ताडून बघतो, अशी आमची पक्की समजूत होती.

मराठीला बसलिंगप्पा सर होते. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही आणि वर थोडी उर्दू, असं त्यांचं चाले आणि आमचंही. पांढरा सदरा, कपाळाला विभूती, अक्षर सुबक. उत्तर लिहून देताना ते स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने उच्चारत.

उपवाचनाचं पुस्तक पातळ होतं आणि गोष्ट साधी. रखमाजी हा एका पाटलाकडे राबणारा गडी. एके दिवशी घरातला चांदीचा पेला सापडत नाही. पाटील ओसरीवरून रखमाजीला विचारतात, पेला पाहिलास का? रखमाजी उत्तर देत नाही. गोठ्यातून आपली घोंगडी उचलतो आणि निघून जातो. पुढे कळतं की पेला पाटलाच्या मुलानेच विकला आणि रखमाजीला ते ठाऊक होतं. शेवटच्या पानावर, पळस फुलला असताना, एका सकाळी रखमाजी परत येतो. कोणी बोलावलेलं नसतं. तो बैल सोडतो आणि पाण्यावर नेतो. पाटील ओसरीवरून बघत राहतात. पुस्तक तिथे संपतं.

पात्राचं स्वभावचित्र लिहायची रीत ठरलेली होती. आधी गुण सांगायचा, मग प्रसंग द्यायचा. रखमाजी इमानी होता. तो पळून न जाता परत आला. रखमाजी सोशिक होता. त्याने आळ मुकाट्याने सोसला. रखमाजी उदार होता. त्याने पाटलाच्या मुलाचं नाव घेतलं नाही. ही रीत एकदा हाताला बसली की कोणाचंही चित्र काढता येई. माणसाच्या अंगात काही गुण भरलेले असतात आणि तो ते प्रसंग बघून एकेक बाहेर काढतो, असं आम्हाला वाटू लागलं होतं. पुढे पोलीस ठाण्यांच्या बातम्या लिहिताना हीच रीत उलटी फिरवलेली आढळली : तिथे आधी प्रसंग घडतो आणि मग शेजारी गुण आठवतात. ‘तसा शांत होता,’ असं सगळे म्हणतात. जवळपास प्रत्येकाबद्दल म्हणतात.

या पुस्तकाच्या बाबतीत मात्र वर्गाने सुरुवातीलाच एक घोटाळा केला. तो आमच्याच भागातली मुलं करू शकत होती.

आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. कन्नड घरांत त्या दिवसाला उगादी म्हणतात, साल तेच. मधेच गडी आपणहून निघाला तर साल त्याने मोडलं. अशा गड्याला पाडव्यापर्यंत दुसरं कोणी दारात उभं करत नाही. मालकाने काढलं तर साल मालकाने मोडलं, आणि गडी मोकळा. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरज कोणाला पडली नाही. पुस्तकात सालाचा उल्लेखही नव्हता, लेखक कुठल्या मुलखातला हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पण शेवटच्या पानावर पळस फुललेला होता, एवढ्यावरून आम्ही त्या गोष्टीत फाल्गुन शोधला, पाडवा शोधला, आणि रखमाजीला हिप्परग्याचा करून टाकला. सरांनी स्वामिनिष्ठेचा विषय काढला तेव्हा वर्ग वेगळ्याच प्रश्नावर अडला होता : साल मोडलं कोणी?

इस्माईल हा वर्गातला बोलका मुलगा, त्याच्या वडिलांचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. त्याने उभं राहून सांगितलं, “सर, त्याचं साल ऱ्हायलं होतं. पळस फुललाय म्हणल्यावर पाडवा म्हैन्यावर आला. तंवर कोण ठिवून घिणार त्याला? आला गपचिप.”

सर म्हणाले, पळस लेखकाने शोभेला घातला आहे. वर्ग हसला. तेव्हा मुलींच्या बाकावरून कौसल्या म्हणाली, “साल त्यानं मोडलंच न्हाई, सर. पाटलानं मोडलं.”

“पाटील जा म्हणाले का?”

“न्हाई.”

“मग?”

“पेला बघितलास का म्हणून इचारलं की, सर. आनि काय म्हणायचं ऱ्हातं?”

इस्माईलने पुन्हा हात वर केला. पाटलाने मोडलं असेल तर रखमाजी मोकळा झाला, असं त्याचं म्हणणं. “आनि मोकळा माणूस परत कामून यील?”

“त्येच तर,” कौसल्या म्हणाली. “त्येच कळंना.”

हे पुस्तक आहे, हे हिप्परगं नाही, असं सरांनी बजावलं आणि उत्तर लिहून दिलं. पाच मुद्दे. पहिला मुद्दा स्वामिनिष्ठा, स्वल्पविराम, त्याग.

कौसल्याची ओळख इथे करून द्यायला हवी. गावातल्या बौद्ध वस्तीतून एस.एस.एल.सी.पर्यंत आलेली ती पहिली मुलगी. धर्मांतराला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. वस्तीने गावकीची कामं सोडली होती, पण सालाने राहणं हा करार होता, तो चालू होता. तिचे वडील मल्हारी ज्या घरी सालाने होते ते शरणप्पांचं घर. शरणप्पांना गाव अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला अक्का. बसलिंगप्पा सर हे शरणप्पांचे धाकटे भाऊ. घर एकच. म्हणजे सकाळी ज्या गोठ्यात मल्हारी शेण काढत, त्याच्या शेजारून सर सायकल काढून शाळेला निघत, आणि तासाभराने मल्हारींच्या मुलीला सालगड्याच्या स्वामिनिष्ठेचे मुद्दे सांगत. हे आम्हाला त्या वेळी चमत्कारिक वाटलं नव्हतं. आता वाटतं, पण आता वाटण्याला पुरावा म्हणून किंमत नाही.

होळीनंतर करडईची कापणी आली. दर वर्षी मल्हारींच्या बायको-मुलीने त्या कापणीला जायची वहिवाट होती. त्या वर्षी बायको गेली, कौसल्या गेली नाही. ती लिंबाखाली भूगोल पाठ करत होती. एका पहाटे अक्कांनी उंबऱ्यात उभं राहून मल्हारींना विचारलं, “पोरगी कामून आली न्हाई?” या एका वाक्यावर सगळ्यांचं एकमत आहे. त्यापुढचं जुळत नाही.

अक्कांचं म्हणणं, त्यांनी फक्त विचारलं. दुसरा एक शब्द काढला नाही. शरणप्पांचं म्हणणं, ते घरातच नव्हते. मल्हारी आपणहून गेला आणि भर सुगीत साल मोडलं. मल्हारींच्या बायकोचं म्हणणं, विचारण्याच्या पद्धतीत जा म्हणणं होतंच. गावाचं म्हणणं, काढलं. मल्हारींचं म्हणणं कोणाला मिळालं नाही. बैलांना वैरण टाकून ते निघून आले आणि वस्तीतल्या घरासमोर बसून राहिले, एवढं पाहणारे पुष्कळ होते.

शाळेत त्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं. इस्माईल एवढंच पुटपुटला, “उपवाचन चालू झालं.” कौसल्याने ऐकलं असावं. तिने मान वळवली नाही.

तिच्यापुढची अडचण सरळ होती. साल मोडलेल्या गड्याला गावात काम नव्हतं. शहाबादला फरशीच्या खाणींवर तिचे मामा होते; तिकडे घरासकट जायचं, सगळ्यांनी दगडावर बसायचं, असं घरात ठरू लागलं. निघायचं ते परीक्षेच्या आधी. परीक्षा बुडाली तर पुन्हा बसणं कठीण. खाणीवर गेलेली मुलगी परत शाळेत आल्याचं उदाहरण वस्तीत नव्हतं. पास झाली तर गुलबर्ग्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाता येत होतं, वसतिगृह होतं. कौसल्याला मास्तरीण व्हायचं होतं. हे ती कोणापाशी फारसं बोलली नव्हती, पण मधल्या सुट्टीत लहान मुलींना ती ज्या रीतीने पाढे म्हणायला लावी त्यावरून ते गावाला कळून चुकलं होतं.

ती शाळेत येत राहिली. तिच्या आईने गाठोडी बांधून ठेवली होती, हे वस्तीतल्या मुलांनी सांगितलं. गाठोडी दारातच होती आणि कौसल्या त्यांना टेकून वाचत बसे.

मग एका संध्याकाळी बसलिंगप्पा सर सायकलवरून वस्तीत गेले. असे ते आधी कधी गेले नव्हते. मल्हारींच्या घरासमोर सायकल उभी केली. मल्हारी उठून उभे राहिले. दोघांचं काय बोलणं झालं हे कोणी ऐकलं नाही. कौसल्याच्या आईने पाण्याचा तांब्या आणला. सरांनी पाणी घेतलं असं ती सांगते. पलीकडच्या घरातली म्हातारी सांगते, तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. या एका बाबीवर गावात आठवडाभर चर्चा झाली. लिंगायताच्या घरचा शिकलेला माणूस वस्तीत पाणी प्याला की नाही, ही त्या दिवसांतली मोठी बातमी होती. मल्हारींचं काय होणार, ही लहान.

पुढे पुष्कळ वर्षांनी, सर निवृत्त झाल्यावर, आळंदच्या बाजारात माझी त्यांची गाठ पडली. तुरीचा भाव, गुडघेदुखी असं बोलून झाल्यावर त्या संध्याकाळबद्दल विचारलं. ते म्हणाले, “हॉल तिकीट द्यायला गेलतो. दुसरं काय?” हॉल तिकिटं शाळेतच वाटली होती, आणि कौसल्याने सही करून आपलं घेतलेलं आम्ही पाहिलं होतं. हे त्यांना सांगितलं. “मग कामून गेलो असंन?” असं त्यांनी उलट विचारलं. थट्टा नव्हती. त्यांना खरोखर आठवत नव्हतं असं दिसलं. पाण्याबद्दल मात्र विचारायचं राहिलं.

वस्तीतल्या भेटीनंतर मराठीचा शेवटचा तास झाला. सरांनी वह्या उघडायला लावल्या. रखमाजीचं उत्तर काढा म्हणाले. पहिला मुद्दा खोडा.

आम्हाला समजलं नाही. इस्माईलने विचारलं, स्वामिनिष्ठा? पूर्ण?

“पूर्ण.”

“मग त्या जागी काय लिहायचं, सर?”

“तुमच्या मनानं लिहा.”

वर्ग घाबरला. तोपर्यंत कोणीही, कुठल्याही विषयात, आम्हाला मनाने लिहायला सांगितलं नव्हतं. आमच्या मनात रखमाजीबद्दल काही आहे की नाही हेसुद्धा कोणी तपासून पाहिलेलं नव्हतं. आणि बेंगळूरच्या त्या छापील उत्तराचं काय? काहींनी मुद्दा खोडला. काहींनी इतक्या हलक्या रेघेने खोडला की वाचता येत राहावा. कौसल्याने खोडला की नाही, हे शेजारच्या मुलीला सांगता आलं नाही. सर मात्र खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि नंतर त्यांनी व्याकरण घेतलं.

पेपरच्या आदल्या सकाळी मल्हारी शरणप्पांच्या गोठ्यात दिसले. पहिल्यांदा पाहिलं ते दूध घ्यायला गेलेल्या बाईने. ते बैल सोडत होते. शरणप्पा अंगणात दात घासत होते. अक्कांनी भाकरी नेहमीच्या जागी ठेवली. त्या दिवशी खळ्यावर काम झालं, आणि वस्तीत गाठोडी सुटली.

ते परत का आले याची गावात पुष्कळ कारणं सांगितली गेली. पाडवा आठवड्यावर होता, साल पुरं करून मोकळं व्हावं म्हणून. सरांनी गळ घातली म्हणून. सर पाणी प्याले म्हणून. मुलीचा पेपर बुडू नये म्हणून, हे सगळ्यात जास्त लोकांना पटलं. शरणप्पा म्हणाले, “जातो कुठं?” कौसल्याच्या आईने सांगितलं की ढवळा बैल दुसऱ्याच्या हातचं खात नव्हता आणि ते मल्हारींच्या कानावर आलं होतं. बैल खात होता की नाही, याला शरणप्पांच्या घरातून दुजोरा मिळाला नाही. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं. सगळी एकत्र खरी असू शकतात का, हे ठरवण्याची रीत आम्हाला शिकवलेली नव्हती. आमच्या रीतीत एका प्रसंगाला एक गुण असे.

पेपरच्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही आळंदला गेलो. बसमध्ये मागच्या बाकाखाली कोणाच्या तरी पिशवीत मेथी होती, तिचा वास. शेजारी बसलेल्या बाईने कौसल्याला सहज म्हणून विचारलं की तुझ्यासाठी बाप परत गेला म्हणे. कौसल्या म्हणाली, “माझ्यासाठी म्हणू नका.” मग खिडकीबाहेर बघू लागली. रागाने म्हणाली की आणखी कशाने, हे आवाजावरून ठरवता आलं नाही.

रखमाजीचा प्रश्न पाचवा होता. उघडून पाहिल्यावर वर्गातल्या कितीतरी मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पर्यवेक्षकाने टेबलावर पट्टी आपटली. इस्माईलने साल लिहिलं. काहींनी खोडलेली स्वामिनिष्ठा परत बोलावली. एकाने दोन्ही लिहिली, म्हणजे एक तरी लागेल. मी काय लिहिलं ते इथे महत्त्वाचं नाही. कौसल्या त्या प्रश्नावर बराच वेळ थांबली होती, पेन बोटांत धरून. मग तिने लिहिलं, पण थोडं.

परतीच्या बसमध्ये इस्माईलने तिला विचारलं, पाचव्याला काय लिहिलंस?

“त्यो आला म्हणून लिहिलं. बैल सोडले, पाण्यावर नेले. पाटलानं बघितलं.”

“ते पुस्तकात हाय. कामून आला?”

“ते पुस्तकात न्हाई. म्हणून ते सांगता येत न्हाई, असं लिहिलं.”

“अगं पण सकारण होतं की.”

“कारण कुणाला ठावं असंल तर सांग, मी लिहिते.”

इस्माईल म्हणाला, “मग मार्क बी पुस्तकात न्हाईत, असं लिहून पाठवतील बेंगळूरवाले.” बसमधली मुलं हसली. कौसल्याही हसली, पण हसताना तिने हॉल तिकिटाची घडी घातली, उघडली, परत घातली. एक प्रश्न तिने जवळजवळ सोडून दिला होता. त्यावर पंधरा गुण होते, आणि मराठी हा विषय तिचा बळकट नव्हता. गणितात तिला खात्री होती, मराठीत नव्हती. हे तिच्या मैत्रिणींना माहीत असल्यामुळे त्यांनी तिला पुढे काही विचारलं नाही.

अनेक वर्षं दुसऱ्यांच्या कारणांच्या बातम्या लिहिल्यावर एक शंका येते. ते उत्तर प्रामाणिक होतं, की तिला स्वामिनिष्ठा लिहायची नव्हती आणि दुसरं काही सुचलं नव्हतं? की घरात त्या दिवसांत जे घडलं त्याला तिला कुठलंच नाव द्यायचं नव्हतं? आपण इथे कौसल्याचं स्वभावचित्र काढू लागलो आहोत, हे लक्षात येतं आणि हात थांबतो. ती स्वाभिमानी होती. प्रसंग असा असा. ती हट्टी होती, प्रसंग तोच. एकाच प्रसंगाखाली हवा तो गुण बसतो.

परीक्षा संपल्यावर पाडवा आला. त्या दिवशी गावात गड्यांची घरं बदलतात. सकाळपासून माणसं काखेत वळकटी घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जाताना दिसतात, त्यांच्यामागे एखादं कुत्रं, ज्याला बदललेलं घर समजलेलं नसतं. मल्हारींचं साल पुरं झालं होतं. मोडलं कोणी, हा वादही त्या दिवसापुरता संपला होता. ते मोकळे होते. पलीकडच्या आळीतल्या एका शेतकऱ्याने त्यांना विचारून ठेवलेलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. मल्हारी सकाळी अंघोळ करून शरणप्पांच्या घरी गेले आणि पुढच्या सालाची पान-सुपारी, म्हणजे ठरावाची खूण, घेऊन आले.

वस्तीत कोणाला हे समजलं नाही. गुलबर्ग्याच्या खर्चाला ओळखीचं घर बरं, असं एकजण म्हणाला. पण निकाल लागायचा होता आणि मुलीने पेपर कसा लिहिला हे तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कौसल्याने त्यांना दारातच विचारलं. हा संवाद तिच्या आईने पुढे अनेकदा सांगितला. शब्द दर वेळी थोडे बदलत, पण शेवट बदलत नसे.

“आता तर मोकळा होतास की, बा.”

“व्हय.”

“मग?”

“मग काय? भाकर वाढ.”

एकदा, आळंदच्या बसथांब्यावर, मल्हारींना मीही विचारलं होतं. तोवर ते थकले होते आणि डोळ्यांवर जाड चष्मा होता. पहिल्यांदा कामून परत गेलात आणि पाडव्याला कामून राहिलात, असे दोन वेगळे प्रश्न केले. त्यांनी दोन्ही नीट ऐकून घेतले. “पाय तिकडंच वळले बघा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी चौकशी केली की मी एवढ्या लांबून हे विचारायला कामून आलो. मी दुसऱ्या कामाने आलो होतो. तसं सांगितलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

बसलिंगप्पा सरांनाही रखमाजीचं विचारलं होतं, बाजारातल्या त्याच भेटीत. मुद्दा खोडायला का लावलात? ते म्हणाले, “मी? खोडायला लावलं?” आणि मग, “चांगला मुद्दा होता की त्यो.” पुढच्या वर्षी पुस्तक बदललं. नव्या पुस्तकात कोणी परत येत नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न शाळेत पुन्हा निघाला नाही.

निकाल लागला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. गावात वर्तमानपत्र दुपारच्या बसने येई. इस्माईलच्या दुकानात बांगड्यांच्या रांगांमध्ये ते पसरलं गेलं आणि सगळ्यांनी आपापले नंबर शोधले. इस्माईल पास. कौसल्याचा नंबर तिने स्वतः शोधला नाही. ती दुकानाच्या पायरीवर उभी होती आणि इस्माईलने बोट ठेवून दाखवला. विषयवार गुणपत्रिका नंतर शाळेत आली. मराठीत ती काठावर पास होती. पाचव्या प्रश्नाला किती मिळाले हे गुणपत्रिकेत नसतं.

जूनमध्ये तिला गुलबर्ग्याच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळाला. मल्हारी तिची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन बसथांब्यापर्यंत आले, पेटी टपावर चढवली आणि बस सुटेपर्यंत थांबले. त्या दिवशी शरणप्पांच्या रानात तुरीची पेरणी चालू होती आणि तिफणीवर मल्हारींच्या जागी बसलिंगप्पा सर होते.